टीव्हीची वायर भिंतीत लपवून घेताय? आमच्या भिंतीत काय निघालं ते वाचा

भिंतीवर टीव्ही चढवला की खाली लोंबणारी काळी वायर डोळ्यांत खुपते. ती भिंतीत लपवून देतो असं सांगून पैसे उकळणारा एक माणूस आमच्या डोंबिवलीच्या घरी येऊन गेला. हे काम एकदा प्लास्टरखाली गेलं की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि सगळी लबाडी तिथेच चालते. आमचे ७,८०० रुपये गेलेच, शिवाय माझ्या सासूबाईंना भिंत पुसताना करंट लागला. त्या थोडक्यात वाचल्या. आणखी कोणाच्या घरी असं होऊ नये म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

गुढीपाडव्याला आम्ही ५५ इंची टीव्ही घेतला. कंपनीकडून इन्स्टॉलेशन फुकट होतं. आलेल्या मुलाने ब्रॅकेट बसवला, टीव्ही टांगला, सगळं चालू करून दाखवलं आणि वायरकडे बोट करून म्हणाला, "मॅडम, हे कन्सील करायचं काम आमच्यात येत नाही. पण आमच्याच टीमचा एक जण आहे, त्याचा नंबर देतो." आमचा स्विचबोर्ड टीव्हीच्या डावीकडे चार फुटांवर आणि बराच खाली. त्यामुळे वायर भिंतीवरून तिरकी ताणून बोर्डात खोचावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी तो "टीममधला" माणूस आला. कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात कसलंसं कार्ड, पाठीला सॅक, हातात कटर मशीन. बोलणं एकदम अदबीचं. सासऱ्यांना काका, सासूबाईंना मावशी. पाणीसुद्धा मागून घेतलं नाही.

त्याने आल्या आल्या सांगितलं की बाहेरच्या वायरमनकडून वायर लपवून घेतलीत तर टीव्हीची वॉरंटी जाते. हे साफ खोटं आहे. वॉरंटी टीव्हीची असते, तुमच्या घरातल्या वायरिंगची नाही. बोर्डापासून टीव्हीपर्यंतचं काम कोणी केलं याच्याशी तिचा काही संबंध नसतो. सदोष वायरिंगमुळे टीव्ही जळला तर कंपनी हात वर करू शकते, एवढं खरं. म्हणूनच हे काम नीट करणाऱ्या माणसाकडून व्हायला हवं. मी नंतर आमचं वॉरंटी कार्ड बारीक अक्षरांसकट वाचलं. असं एकही वाक्य त्यात नाही.

मग त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. टीव्हीमागे छोटी पांढरी डबी, खाली तशीच दुसरी, मधली भिंत कोरी. "हे कन्सील पॉवर किट. इंपोर्टेड आहे, २,२०० रुपये." अशी किट खरोखरच असतात, पण ती अमेरिकेतल्या घरांसाठी. तिथल्या भिंती बऱ्याचदा आतून पोकळ असतात, लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकलेले. वर आणि खाली एकेक भोक पाडलं की आतल्या पोकळीतून वायर सोडता येते. तिथल्या वायरिंगच्या नियमांत टीव्हीची मऊ कॉर्ड भिंतीच्या आतून न्यायला मनाई आहे, म्हणून कॉर्डऐवजी पक्की वायर वापरणारी ही किट निघाली. आपल्या विटांच्या भरीव भिंतीत पोकळी कुठून आणणार? इथे झिरी मारायची (म्हणजे कटरने भिंतीत लांब खाच पाडायची), पाईप टाकायचा, बॉक्स बसवायचा, हाच मार्ग. आमच्या हिशेबात झिरीचे पैसेही होते आणि किटचेही. किट नावाची वस्तू शेवटपर्यंत घरात आलीच नाही. टीव्हीमागे बसला तो साधा सॉकेट.

काम सुरू करण्याआधी त्याने सॅकमधून वायरचं कोरं बंडल काढून माझ्या हातात दिलं. आयएसआयचा शिक्का, एफआरएलएस (म्हणजे सहजी न पेटणारं, कमी धूर करणारं वेष्टण), तारेची जाडी २.५ स्क्वेअर एमएम, सगळं वाचून दाखवलं. पीव्हीसी पाईपही दाखवला. मग म्हणाला, "कटर चालला की धूळ फार उडते, काकांना त्रास होईल. तुम्ही सगळे आत बसा, दार लावून घ्या, खालच्या फटीला ओला टॉवेल लावा." सासऱ्यांना दमा आहे, हे त्याने बोलता बोलता आधीच काढून घेतलं होतं. थोडा वेळ कटरचा आवाज आला, मग ठोकाठोक. बाहेर बोलावलं तेव्हा झिरी बुजवून झाली होती आणि वरून लांबीचा (पुट्टीचा) हात फिरला होता.

यानंतर त्याने जे केलं ते नीट लक्षात ठेवा. टीव्हीमागच्या नव्या सॉकेटची प्लेट त्याने आपणहून उघडून दाखवली. बॉक्समध्ये पाईपचं तोंड दिसत होतं, त्यातून लाल, काळी आणि हिरवी अशा तीन जाड वायरी आलेल्या. खालचा बोर्ड उघडला, तिथेही पाईप आणि त्याच तीन वायरी. "बघा काका, वरपासून खालपर्यंत पाईप. पन्नास वर्षं बघायला नको." दोन्ही टोकांना पाईप दिसल्यावर मधे तो नसेल अशी शंका कोणाला येईल?

हिशेब असा होता: झिरी ९ फूट, फुटाला १८० प्रमाणे १,६२०, वायर १,३५०, किट २,२००, बॉक्स, सॉकेट, बटण मिळून ७८०, आणि "फोर-के" एचडीएमआय केबल १,८५०. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर १८ टक्के वर पडतील." वहीच्या कागदावर आकडे खरडून दिले. त्यावर ना नाव, ना पत्ता, ना सही. पैसे यूपीआयने दिले, ते त्याच्या नावावर न जाता भलत्याच कोणाच्या नावावर गेले.

एप्रिल-मे बरा गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि आमच्या पश्चिमेच्या भिंतीने दरवर्षीप्रमाणे ओल धरली. टीव्ही त्याच भिंतीवर आहे. मग रात्री-अपरात्री, टीव्ही बंद असतानासुद्धा, आरसीसीबी पडायला लागला आणि सगळ्या घराची वीज जायला लागली.

आरसीसीबी म्हणजे मेन बोर्डातला तो रुंद खटका, ज्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं. बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून तेवढाच परत येतोय का, यावर तो नजर ठेवून असतो. मधेच कुठे ओल्या भिंतीतून, नळातून किंवा माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलीॲम्पियरचा असतो, म्हणजे एवढीशी गळतीही त्याला चालत नाही. एमसीबीकडून हे होत नाही, तो शॉर्टसर्किट आणि जादा लोड यांसाठी असतो. थोडक्यात, आमचा आरसीसीबी आपलं काम चोख करत होता आणि भिंतीत काहीतरी बिघडलंय हे ओरडून सांगत होता.

काम नवं होतं म्हणून त्याच माणसाला बोलावलं. तो आला, डीबी म्हणजे मेन बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, तुमचा ईएलसीबी म्हातारा झालाय, उगाच पडतोय. सेटिंग करून देतो." पंधराएक मिनिटं काहीतरी केलं, ६०० रुपये घेतले आणि गेला. त्यानंतर खटका एकदाही पडला नाही. घरातले सगळे खूश. आरसीसीबीला असं कुठलंही सेटिंग नसतं. कोणी वायरमन "सेटिंग करतो" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

पुढे एका दुपारी सासूबाई टीव्हीखालच्या भिंतीवर आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसत होत्या. एकदम हात झटकला गेला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पायात रबरी चपला होत्या आणि फरशी कोरडी होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. सासऱ्यांनी धावत जाऊन मेन बंद केला. आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं काम करणारे एक वायरमन आहेत, परवाना असलेले. ते संध्याकाळी आले.

त्यांनी टीव्हीकडे पाहिलंही नाही, आधी डीबीपाशी गेले. मेन चालू करून आरसीसीबीचं टी बटण दाबलं. काहीच झालं नाही, खटका वरच्या वर. कव्हर काढून म्हणाले, "वहिनी, याला वीजच येत नाहीये. मेनच्या वायरी यातून सोडवून थेट पुढे जोडल्यात. हा नुसता शोभेला ठेवलाय." म्हणजे ६०० रुपये घेऊन त्या माणसाने घराची राखण करणारी एकमेव वस्तू काढून टाकली होती, आणि तीही आम्हाला कळू नये म्हणून खटका जागच्या जागी ठेवून.

मग टीव्हीमागचा सॉकेट. खालचं बटण बंद केलं तरी वर टेस्टर पेटत होता. बटण फेजवर असायला हवं, ते न्यूट्रलवर टाकलं होतं. त्यामुळे टीव्ही बंद असो, बटण बंद असो, भिंतीतली वायर चोवीस तास जिवंतच राहत होती. रात्री खटका का पडायचा ते तेव्हा कळलं. वायरी दोन्हीकडून सोडवून त्यांनी मेगर लावला. वायरीच्या वेष्टणातून गळती होते का हे तपासायचं ते यंत्र, आणि धड वायरिंगचं रीडिंग एक मेगाओहमच्या वर यायला हवं. आमचा काटा शून्यापाशीच बसून राहिला.

शेवटी त्यांनी वायर ओढायची स्प्रिंग पाईपमध्ये सारली. वीतभर गेली आणि अडली. वरून सारली, तिथेही वीतभरच. दोघेही क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, ते आणि त्यांचा मदतनीस. मग म्हणाले, "फोडावं लागेल."

प्लास्टर काढल्यावर जे दिसलं त्याचे मी फोटो काढून ठेवलेत. दोन्ही टोकांना वीत-वीतभर पाईप. त्यांतून आलेल्या त्या जाड लाल-काळ्या वायरी पाईप संपला की लगेच तुटलेल्या, आणि त्यांना पिळून जोडलेली चपटी, बारीक, दोन तारांची वायर, दिव्यांच्या माळेला असते तशी. ती तशीच, पाईपशिवाय, सिमेंटमध्ये गाडलेली. जोडांवरची काळी टेप ओलीने सुटून चिकट झाली होती, आतल्या तारांवर हिरवी-पांढरी पूड जमली होती. हिरवी अर्थिंगची वायर तर कशालाच जोडलेली नव्हती. वरून एक तुकडा, खालून एक तुकडा, आणि दोन्हींची टोकं प्लास्टरमध्ये. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नावालाही नव्हतं. आमच्या टीव्हीची पिन दोनच काड्यांची आहे, तिचं त्यावाचून अडत नाही. पण त्याच सॉकेटवर उद्या अर्थिंग लागणारं एखादं यंत्र लावलं असतं तर?

झिरीही तिरकी मारलेली. टेपने मोजली तर पाच फूट भरली, पैसे नऊ फुटांचे. तिरकी झिरी ही कामचुकारपणाची पक्की खूण आहे, असं वायरमन म्हणाले. बोर्डापासून वायर सरळ वर किंवा सरळ आडवी जाते असा सर्वसाधारण संकेत असतो. त्या भरवशावर माणूस पुढे भिंतीत ड्रिल मारतो. तिरकी वायर नेमकी कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि वर्षभराने फोटो टांगायला खिळा ठोकणाऱ्याला ती सापडते.

त्यांनी त्या चपट्या वायरीची एक तार ब्लेडने खरवडून दाखवली. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा वीज कमी वाहतं, वाकवलं की लवकर तुटतं, आणि पिळून केलेला त्याचा जोड कालांतराने सैल पडून तापतो. अशा वायरींची अख्खी बंडलंही बाजारात फिरत असतात. बंडल हातात घेतलं की वजनावरून शंका येते, कारण तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. १.५ स्क्वेअर एमएमच्या ९० मीटरच्या खऱ्या बंडलात नुसतं तांबंच सव्वा किलोच्या जवळपास भरतं. आयएसआय शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते कळतं. आम्हाला दाखवलेलं बंडल बहुधा अस्सल होतं. ते फक्त दाखवण्यापुरतं होतं, एवढंच.

आमच्या वायरमननी सगळं नव्याने केलं ते असं: बोर्डापासून सरळ आडवी आणि मग सरळ उभी झिरी, त्यात सलग आयएसआय पाईप, आत १.५ ची तांब्याची फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, मधे कुठेही जोड नाही. २.५ ची गरजच नव्हती. ५५ इंची टीव्ही साधारण शंभर ते दोनशे वॉट घेतो, म्हणजे एक ॲम्पियरही नाही. एचडीएमआयसाठी वेगळा, दोन इंची पाईप टाकला, कारण केबलची पिन बारीक पाईपमधून जात नाही. त्यात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली, पुढे केबल बदलायची झाली तर भिंत फोडायला नको. विजेची वायर आणि एचडीएमआय एकाच पाईपमध्ये घालत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. पाईप टाकून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "बुजवायच्या आधी फोटो काढून घ्या, बाजूला टेप धरून." आरसीसीबी परत जोडण्यासकट, सामानासह ३,२०० रुपये झाले. बिल छापील, त्यावर परवाना क्रमांक.

त्यामुळे अगदी कळकळीने सांगते, हे काम करून घेताना झिरी बुजवण्याआधी ती उघडी बघितल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. धूळ होते हे खरं. मास्क लावा, घरात दम्याचं कोणी असेल तर त्या दिवशी त्यांना शेजारी बसवा, पण एका माणसाने तिथे उभं राहायलाच हवं. तेही जमत नसेल तर निदान पाईप टाकून झाल्यावर कारागिराला थांबायला सांगा. प्रामाणिक वायरमनची याला कधीच हरकत नसते. भाड्याचं घर असेल किंवा भिंत ओल धरणारी असेल, तर झिरीच्या फंदात पडूच नका. केसिंग-कॅपिंगची, म्हणजे वायर झाकायची पांढरी प्लास्टिकची पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून घेतली की कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि वायर कायम तुमच्या नजरेसमोर राहते. मला विचाराल तर तेच उत्तम.

परवान्याबद्दलही विचारा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांप्रमाणे (सध्याचे २०२३ चे आहेत) दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून नवं वायरिंग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं असतं. परवाना मागितला की असले लोक विषय बदलतात. आमच्याकडच्याने बदलला असताच.

तक्रारीचं म्हणाल तर, त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. टीव्ही कंपनीच्या हेल्पलाईनवर सांगितलं, तर असा कोणी आमच्याकडे नाही असं उत्तर आलं. टीव्ही लावणारा पहिला मुलगा म्हणतो, "ओळखीचा होता, म्हणून नंबर दिला." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर मराठीत बोलता येतं, तिथे तक्रार नोंदवली आहे. पोलीस चौकीत अर्ज दिला आहे, सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव आणि फोडलेल्या भिंतीचे फोटो जोडलेत. ग्राहक आयोगात जायचं तर २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि वहीच्या कागदावर तेच नव्हतं.

ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत असं काम करून घेतलंय त्यांनी आजच मेन बोर्डातलं टी बटण दाबून बघा. खटका पडून वीज जायलाच हवी. नाही गेली, किंवा पावसाळ्यात तो खटका वारंवार पडत असेल, तर तो काढून टाकायला किंवा "सेटिंग" करायला कोणाला देऊ नका, गळती कुठे आहे ते शोधायला सांगा. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मेन बंद करा आणि मगच फोन करा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकल्यावर आणखी दोन घरांतून फोन आले. तोच टी-शर्ट, तेच किट, तोच धुळीचा बहाणा. बी विंगमधलं घर गेल्या आठवड्यात उघडलं, तिथेही दोन्ही टोकांना वीतभरच पाईप निघाला. दुसऱ्या घरी आजी एकट्या असतात. त्यांचा तेवढा सॉकेट आम्ही बोर्डातून वायर सोडवून बंद केला आहे, आणि रविवारी वायरमन येऊन भिंत फोडणार आहेत.